मुलासाठी साधा लाकडी पलंग (गणित, परिसर अभ्यास व कार्यानुभव)

आपल्या परभणीकडच्या खेड्यात बाज सगळ्यांना माहीत आहे. पण बाज बहुतेक आजोबांची, नाहीतर पाहुण्यांची! लेकरं खाली सतरंजीवर. पावसाळ्यात हेच धोक्याचं ठरतं. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावू शकतो. चावलेल्या जागी फारसं दुखत नाही, सूजही येत नाही, म्हणून झोपेत कळतसुद्धा नाही. विंचवाचं तर विचारूच नका. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. दंश झालाच तर मांत्रिकाकडे नाही, सरळ दवाखान्यात जायचं. पण आधी उंचावर झोपायची सोय करू.

आता माप. चौथीच्या मुलाची उंची साधारण सव्वाचार फूट धरू. अजून काही वर्षं पुरावा म्हणून पलंग 5 फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दीड फूट उंच घेऊ. लांबीचे दोन गाते म्हणजे 10 फूट, रुंदीचे दोन म्हणजे 5 फूट, चार खूर म्हणजे 6 फूट.

वर आडव्या पट्ट्या किती लागतील? पट्टी 3 इंच रुंद, मधली फट 2 इंच. लांबी 60 इंच. वर्गात विचारलं की मुलं लगेच 60 भागिले 5 करून "12 पट्ट्या, 12 फटी" सांगतात. वहीत चित्र काढा आणि मोजा. 12 पट्ट्यांच्या मध्ये फटी 11 च असतात! पट्ट्यांचे 36 इंच, फटींचे 22 इंच, एकूण 58. उरलेले 2 इंच दोन्ही टोकांना एकेक सोडायचे. अडीच फुटाच्या 12 पट्ट्या म्हणजे 30 फूट. सगळं मिळून 51 फूट. खुराचं लाकूड जाड लागतं, ते वखारीत वेगळं सांगायचं. फटी ठेवायच्याच, आपल्याकडच्या उन्हाळ्यात खालून हवा लागते.

लाकूड बाभळीचं मजबूत, पण ओलं घेऊ नका, वाळताना तडकतं. कडुलिंबाला कीड कमी लागते. बाभळीत थेट खिळा ठोकला तर लाकूड फाटतं, आधी गिरमिटाने भोक पाडायचं. करवत आणि पटाशी मोठ्यांच्या हातात, मोजणं आणि खुणा करणं मुलांकडे.

गात्याचं टोक खुराच्या चौकोनी भोकात घट्ट बसवतात, त्या टोकाला सुतार कुसू म्हणतात. नुसत्या खिळ्यांवरचा पलंग मुलांच्या उड्यांनी लवकर डुगडुगायला लागतो.

चौकट काटकोनात आहे का? सुताराकडे गुण्या असतो, आपल्याकडे सुतळी. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणा, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही अंतरं सारखी भरली तर चौकट बरोबर. कमी-जास्त भरली तर लांब कर्णाचे दोन कोपरे आत दाबायचे. आयताचे कर्ण समान असतात हे पाठ करण्यापेक्षा असं बघितलेलं पक्कं राहतं.

काचपेपरने कडा गोल करा, कुसळ राहू देऊ नका. रंगापेक्षा मला जवसाचं तेल बरं वाटतं. मात्र तेलाची चिंधी गोळा करून फेकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवा.

पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, चादर जमिनीवर लोंबू देऊ नका, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचा.