कागदावरचा शेवटचा आकडा

सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. मोठी माणसे पाटी-पेन्सिल घेऊन बसली. शिकलेल्याने तेव्हा वाचायचे काय? एसटीची पाटी, सातबारा, सोसायटीची पावती. आता त्यात एका कागदाची भर पडली आहे. तो म्हणजे रक्ततपासणीचा रिपोर्ट. तो वाचता येतो ही चांगलीच गोष्ट. पण वाचता आला म्हणजे समजला असे नाही. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांची हकिगत सांगतो.

हे तासगावकडचे द्राक्षबागायतदार. त्यांना आपण तात्या म्हणू. दारूला कधी शिवले नाहीत. रक्तदाबाची एक गोळी तेवढी रोज सकाळी घेत. गावात तपासणीचे शिबिर झाले, तात्यांनी रक्त दिले. दोन दिवसांनी कागद हाती आला. त्यावर होते, एस.जी.ओ.टी. २४ आणि एस.जी.पी.टी. १५. दोन्हींची हद्द शेजारी छापलेली होती, ४० पर्यंत. म्हणजे दोन्ही आकडे हद्दीच्या आत. पण खाली आणखी एक ओळ होती. ओ.टी. भागिले पी.टी., १.६. तिच्यापुढे वर जाणारा बाण.

पुतण्याने मोबाईलवर शोधले. हा रेशो वाढला की लिव्हर बिघडले, असे त्यात निघाले. झाले! तात्यांचे जेवण तुटले. कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन आले. डोळे पिवळे नव्हते, तरी गेले. दुसऱ्या लॅबात पैसे भरून पुन्हा रक्त दिले. तिथे रेशो आला १.३. मग तर रात्रीची झोपही गेली. खरा कुठला? कोणी तरी म्हणाले, "गोळ्यांनीच लिव्हर जळतंय." म्हणून तात्यांनी रक्तदाबाची गोळी बंद केली. हे आम्हांला ठाऊक नव्हते. आम्हीही "डॉक्टरांना दाखवा हो" एवढेच बोलून मोकळे झालो. गोळीचे विचारायला हवे होते, ते सुचले नाही.

तीन आठवड्यांनी बागेत छाटणी चालू असताना तात्यांना घेरी आली. आरोग्य केंद्रात नेले. रक्तदाब निघाला १९०, खालचा ११०.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी रक्तदाबाचे पाहिले, मग कागद हातात घेतला.

"तात्या, गोळी कधी सोडली?"

"लिव्हर खराब झालंय न्हवं बाई, म्हणून सोडली."

"कुणी सांगितलं? हे दोन्ही आकडे चांगले आहेत."

"मग ह्यो बाण कशाचा?"

बाण कशाचा, ते आता आपण पाहू.

लिव्हर म्हणजे यकृत. पोटात उजवीकडे, बरगड्यांखाली असते. वजन सुमारे दीड किलो. मटणाच्या दुकानात काळीज म्हणून मिळते ते हेच. (कवी ज्याला काळीज म्हणतात ते निराळे.) यकृताच्या पेशींत ओ.टी. आणि पी.टी. ही दोन द्रव्ये कामाला असतात. पेशी दुखावली की ती रक्तात सांडतात.

सांगलीच्या बाजारात हळदीची आणि गुळाची पोती पाहिली आहेत ना? पोते धड असले तरी थोडी भुकटी खाली पडतेच. पोती फाटली तर जमिनीवर ढीग होतो. ढीग दिसला की हमाल पाहतो, हळद जास्त की गूळ? त्यावरून कुठली पोती फाटली ते कळते. पण जमीन जवळजवळ स्वच्छ असेल, चिमूटभर हळद आणि त्याहून थोडा कमी गूळ पडला असेल, तर कोणी ते मोजत बसेल का?

रेशोचेही तसेच आहे. रक्तातले ओ.टी. मोजण्याची रीत आर्थर कारमेन आणि त्यांच्या सोबत्यांनी अमेरिकेत १९५५ च्या सुमारास पुढे आणली. इटलीतल्या डी रिटिस यांनी १९५७ साली दोन आकड्यांचा भागाकार मांडला. तो काविळीच्या रोग्यांसाठी. त्यांचे आकडे आधीच खूप चढलेले असत. साध्या विषाणूच्या काविळीत पी.टी. जास्त चढते. दारूने बिघडलेल्या यकृतात ओ.टी. पुष्कळदा पी.टी.च्या दुपटीहून जास्त असते. म्हणजे ढीग पडल्यावर उपयोगी पडणारे हे माप आहे.

आता पाटी घ्या. २४ भागिले १५ किती? १.६. आणि २४० भागिले १५०? तेही १.६! पहिला माणूस धडधाकट, दुसऱ्याला ताबडतोब दवाखाना हवा. भागाकार मात्र एकच. मूळ आकडे झाकून नुसता भागाकार वाचला तर दोघांत फरकच दिसत नाही. आणखी एक गणित करा. १५ चे पी.टी. दुसऱ्या दिवशी १८ झाले, ओ.टी. २४ च राहिले. भागाकार येतो १.३. एवढा चढउतार निरोगी माणसातही रोज होतो. तात्यांच्या दोन कागदांत हेच झाले होते. दोन्ही लॅब खऱ्या होत्या.

ओ.टी. नुसत्या यकृतातच नसते, हेही ध्यानात ठेवा. ते स्नायूंत असते, हृदयात असते, रक्ताच्या तांबड्या पेशींतही असते. तालमीत भरपूर जोर-बैठका काढून किंवा दिवसभर ऊस तोडून दुसऱ्या दिवशी रक्त दिले तर ते वाढलेले दिसू शकते. रक्त काढताना पेशी फुटल्या तरी दिसते. आणि छापलेली हद्द बहुधा अशी आखतात की शंभर निरोगी माणसांतली ९५ तिच्या आत बसतात. उरलेली पाच बाहेर पडतात, ती आजारी असतातच असे नव्हे. यंत्राला हे कळत नाही. ते बाण छापून मोकळे होते.

पण म्हणून कागद नॉर्मल आला की सगळे आलबेल, असेही समजू नका. हिपॅटायटिस बी अंगात असून हे आकडे हद्दीत राहू शकतात. यकृतावर चरबी चढली असली तरी राहू शकतात. घरात कोणाला बी कावीळ असेल, दारू असेल, मधुमेह असेल, तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. ते वेगळी तपासणी सांगतील. डोळे पिवळे दिसले, लघवी गर्द झाली, पोट फुगले, रक्ताची उलटी झाली, तर कागदाची वाटच पाहू नये.

तात्यांनी हे सारे ऐकून घेतले. मग हळूच विचारले, "आन् गोळी?"

"आजपासून परत सुरू. बंद करायची झाली तर मला विचारून."

तात्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. पुढच्या आठवड्यात ते वर्गावर आले आणि २४ भागिले १५ फळ्यावर स्वतः करून दाखवले. दशांश चिन्ह एकदा चुकले, ते शेजारच्या काकूंनी दुरुस्त केले.