जुन्या पिकअपचा डिझेल पंप बदलण्यापूर्वी

सभासद बंधूंनो, आपल्यापैकी ज्यांची जुनी डिझेल पिकअप भाजी घेऊन नागपूरला मनीषनगरकडे जाते, त्यांनी हे जरूर वाचावे. हीच गाडी लागणीला बेणे वाहते. ऐन हंगामात ती सकाळी चालू झाली नाही, की मिस्त्री म्हणतो, "पंप गेला." आमचे म्हणणे असे, की पंपाला पाना लावण्याआधी हवा काढून बघा.

फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबतच नसतील तर दोष टाकी आणि पंप यांच्या मधे आहे. पाईप तडकलेला असेल, नाहीतर वायसर गेला असेल. अशा वेळी नवा पंप बसवला तरी गाडी रुसलेलीच राहणार.

हे पंप कारखान्यात तयार करण्यास जर्मनीत बॉशने १९२७ साली सुरुवात केली. आपल्याकडे १९५१ साली बंगलोरला मायको कंपनी निघाली. २००८ मध्ये तिचे नाव बॉश झाले, तरी जुने मिस्त्री 'मायको पंप'च म्हणतात. त्यातील प्लंजर व बॅरल यांमधील फट मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश इतकीच असते. डिझेलातले पाणी व धूळ तिथेच घाव घालतात. रोटरी पंपाला तर डिझेल हेच वंगण. त्यात रॉकेल मिसळणे म्हणजे पंपाचा घात करणे होय.

पंप खरोखर गेला असेल तर आधी बॅटरीची वायर सोडावी व सगळे धुऊन घ्यावे. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून टायमिंगची खूण जुळवावी, पंपाच्या फ्लँजवर रेघ मारावी, आणि मगच नट सोडावेत. उघड्या तोंडांना लगेच टोप्या घालाव्यात. नवा पंप रेघेवर बसला म्हणून काम संपले नाही. टायमिंग इंजिनाच्या पुस्तकाप्रमाणे तपासावेच लागते. ते पुढे गेले तर इंजिन ठोकते, मागे राहिले तर पांढरा धूर टाकते व ओढत नाही.

शेवटी नोझलकडचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारावा, तोही थांबून थांबून. डिझेल सलग आले की नट आवळावेत. उडत्या फवाऱ्याजवळ बोट कधीही नेऊ नये! डिझेल कातडीतून आत घुसते. जखम सुईएवढी दिसली तरी त्याच तासाला दवाखाना गाठावा. कॉमन रेलच्या नव्या गाडीचे नट तर मुळीच असे ढिले करू नयेत, तिथला दाब फार भयंकर असतो.

जुना पंप दुकानात टाकण्यापूर्वी त्याच्या पट्टीवरचा नंबर वहीत उतरवून घ्या. दिसायला सारखे दोन पंप आतून निराळे असतात.