पेपरची आदली रात्र



'पोराने रात्रीचा दिवस केला' असे आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर घ्या, नाहीतर तुमचे स्वतःचे गाव घ्या. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत मध्यरात्रीनंतरही एखाद्या घरात दिवा जळताना दिसला, की शेजारीपाजारी म्हणतात, 'अभ्यास चालला आहे हो!' ज्या घरचा दिवा दहालाच मालवला, त्या घरच्या मुलाविषयी मात्र कोणी असे बोलत नाही. झोप आणि आळस ही जणू सख्खी भावंडेच!

ही समजूत आज आपण शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहू. प्रश्न अगदी साधा आहे. उद्या सकाळी अकरा वाजता पेपर आहे. आता रात्रीचे दहा वाजले आहेत आणि दोन धड्यांची उजळणी राहिली आहे. जागावे की झोपावे?

विसरण्याचे गणित

आपण पाठ केलेले किती वेगाने विसरतो, हे प्रथम काटेकोरपणे मोजले ते हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने. त्याने १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोगासाठी त्याने स्वतःलाच निवडले. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या तो पाठ करी आणि काही वेळाने तीच यादी पुन्हा पाठ करी. पहिल्या खेपेस लागलेल्या वेळापैकी दुसऱ्या खेपेस शेकडा किती वेळ वाचला, हे तो मोजी. जितका वेळ अधिक वाचला, तितके डोक्यात अधिक शिल्लक राहिले, असा त्याचा हिशेब होता. त्याचे आकडे साधारण असे आहेत :

२० मिनिटांनंतर – ५८
१ तासानंतर – ४४
सुमारे ९ तासांनंतर – ३६
२४ तासांनंतर – ३४
४८ तासांनंतर – २८

आलेखाच्या कागदावर हे बिंदू मांडून पाहा. वक्ररेषा आधी झपाट्याने खाली येते आणि मग हळूहळू सपाट होत जाते. परंतु एके ठिकाणी गंमत आहे. ९ व्या ते २४ व्या तासापर्यंतच्या १५ तासांत फक्त २ ची घट झाली. त्यानंतरच्या २४ तासांत मात्र ६ ची. विसरण्याचा वेग सतत मंदावत असेल, तर त्या आधीच्या १५ तासांत निदान पावणेचारची तरी घट व्हायला हवी होती. मग ती कमी का झाली? त्या १५ तासांत एक संपूर्ण रात्र होती, म्हणजे झोपेचा वाटा मोठा होता! ही शंका एबिंगहाउसला आली होती. पण मोजमापातील फरक समजून त्याने ती बाजूला ठेवली.

या शंकेचा छडा १९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख या दोघांनी लावला. दोन विद्यार्थ्यांना त्यांनी दहा-दहा निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करायला दिल्या. कधी पाठ केल्यावर लगेच झोपायचे, तर कधी दिवसभर जागे राहून नेहमीची कामे करायची. आठ तासांनी विचारले, तेव्हा झोपून उठलेल्यांना दहापैकी पाच-सहा अक्षरगट आठवत होते. जागे राहिलेल्यांना जेमतेम एक! वेळ तोच, यादी तशीच, विद्यार्थीही तेच. फरक फक्त झोपेचा होता.

झोपेत मेंदू काय करतो?

झोपेत काही नवीन कानांवर-डोळ्यांवर येत नाही, म्हणून जुने पुसले जात नाही, असे त्या काळी वाटत असे. ते काही अंशी खरे आहे. पण पुढे कळले, की मेंदू त्या वेळी नुसता स्वस्थ पडून राहत नाही. मेंदूतील विद्युत्-लहरींचे आलेख घेता येऊ लागल्यावर झोपेच्या निरनिराळ्या अवस्था दिसू लागल्या. १९५३ साली शिकागो येथे अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवले, की झोपेत ठराविक काळाने बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलू लागतात आणि बहुतेक ठळक स्वप्ने त्याच वेळी पडतात. गाढ झोप आणि ही स्वप्नांची झोप यांचा एक फेरा सुमारे दीड तासाचा असतो. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात अधिक असते, तर स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. म्हणून आठ तासांची झोप चार तासांवर आणली, तर नुसते तास निम्मे होत नाहीत. एका प्रकारची झोप जवळजवळ हातची जाते.

१९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाची नोंद घेतली. नवी आठवण प्रथम घडते ती याच भागात. उंदीर जागेपणी फिरत असताना ज्या चेतापेशी एकत्र उद्दीपित झाल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेतही एकत्र उद्दीपित होत होत्या. जणू उंदीर दिवसाची वाट झोपेत पुन्हा चालत होता! खळ्यावर पडलेले धान्य पोत्यांत भरून कोठारात लावावे, तसे हे काम आहे. दिवसभर वाचलेले हिप्पोकॅम्पसच्या खळ्यावर येऊन पडते आणि ते मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे कोठारात, लावण्याचे काम मुख्यतः झोपेत होते. खळ्यावर माल ओतत राहिलात आणि कोठारात काहीच नेले नाही, तर काय होईल, ते शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको.

केवळ पाठांतरालाच नव्हे, तर गणितालाही झोपेचा उपयोग होतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जर्मनीतील ल्यूबेक येथे काही जणांना आकडेमोडीचे एक काम दिले. त्यात एक छुपी युक्ती होती; ती सापडली की उत्तर चटकन येई, पण तिच्याविषयी कोणाला सांगितलेले नव्हते. मधल्या रात्री आठ तास झोपलेल्या २२ जणांपैकी १३ जणांना ती युक्ती सापडली. रात्र जागून काढलेल्या २२ जणांपैकी फक्त ५ जणांना. भूमितीतील एखादी रचना रात्री सुटत नाही आणि सकाळी अचानक सुचते, ते का, हे आता लक्षात आले असेल.

जागलेला मेंदू

आता दुसरी बाजू पाहू. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यामुळे झोपेची ओढ वाढते. झोपेत ते कमी होते. चहा-कॉफीतील कॅफीन या द्रव्याची जागा अडवून बसते. म्हणून तरतरी वाटते. पण अ‍ॅडेनोसिन तेथेच असते. चहा झोप पुढे ढकलतो, ती फेडत नाही. शिवाय घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या चहाचा अर्धा अंमल पहाटे दोनला शिल्लक असतो!

१९९७ साली डॉसन आणि रीड यांनी हात आणि नजर यांचा मेळ तपासणारी एक चाचणी घेतली. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावली होती, तर २४ तास जागलेल्याची सुमारे ०.१० टक्के असलेल्या माणसाइतकी. आपल्या कायद्यात वाहन चालवणाऱ्याच्या रक्तातील अल्कोहोलची मर्यादा ०.०३ टक्के आहे. आदल्या सकाळी सहाला उठून रात्रभर जागलेला मुलगा अकराच्या पेपरला बसतो, तेव्हा त्याला जागून २९ तास झालेले असतात. उत्तर येत असूनही अधिकाचे चिन्ह उणे होणे, प्रश्न अर्धवट वाचणे, उपप्रश्न राहून जाणे ही त्याची फळे.

आदली रात्र एक नव्हे, नऊ

'एका रात्रीने काय होते?' असे तुम्ही म्हणाल. पण दहावीची परीक्षा एका दिवसात संपत नाही. तीन भाषा आणि गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांचे दोन-दोन भाग मिळून लेखी पेपर नऊ होतात. २०२५ साली ही परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च अशी चालली. म्हणजे आदल्या रात्रीही नऊ!

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही प्रौढांना सलग १४ रात्री रोज सहा तासच झोपू दिले. अखेरीस अवधानाच्या चाचणीत त्यांची अवस्था संपूर्ण रात्र जागलेल्या माणसांसारखी झाली होती.  सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, आपण किती मंदावलो आहोत हे त्यांना स्वतःला फारसे जाणवत नव्हते. 'मला नाही काही त्रास होत जागण्याचा' असे म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना रोज आठ ते दहा तास झोप लागते, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. सहा तास म्हणजे रोज निदान दोन तासांचे कर्ज.

लॉस एंजेलिसमधील ५३५ विद्यार्थ्यांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसले. नेहमीपेक्षा झोप कमी करून जास्त अभ्यास केला, की दुसऱ्या दिवशी वर्गात न समजणे आणि चाचणीत गुण कमी पडणे हेच जास्त घडे. झोपेचे खोबरे करून नुकसान होते ते आळशी मुलाचे नव्हे. मन लावून अभ्यास करणाऱ्याचे!

आणि झोपच आली नाही तर?

धास्तीने डोळ्याला डोळा लागला नाही, तर घाबरू नका. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील विद्यार्थ्यांची झोप अनेक आठवडे मोजली होती. गुणांचा संबंध आदल्या एका रात्रीच्या झोपेशी आढळला नाही. तो आढळला आधीच्या आठवड्यांतील पुरेशा आणि नियमित झोपेशी. आधी झोप नीट झालेली असेल, तर एक वाईट रात्र मेंदू सांभाळून घेतो. म्हणजे झोपेचेही अभ्यासासारखेच आहे. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

घरी काय करता येईल?

ऊस कारखान्यांचा गळीत हंगाम आणि दहावीची परीक्षा यांची गाठ पडते. बीड जिल्ह्यात कित्येकांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात. मुले आजी-आजोबांजवळ राहून घरकाम आणि अभ्यास दोन्ही करतात. शेतीची वीज रात्री येते, तेव्हा पाणी द्यायलाही कधी जावे लागते. अशा घरात 'आठ तास झोपा' असे नुसते सांगणे सोपे आहे. म्हणून जमेल तेवढे तरी करा :

१. वेळापत्रक मिळताच घरी दाखवा आणि पेपरच्या आदल्या रात्रींची कामे आधीच दुसऱ्याकडे सोपवा. ज्या रात्री जागणे टळणारच नाही, तिच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या आत वीस-तीस मिनिटे डुलकी घ्या.

२. तुमच्या वयात शरीराचे घड्याळ थोडे मागे पडलेले असते. रात्री लवकर झोप येत नाही. पण ते सकाळच्या उजेडाने पुढे सरकते. मार्चच्या आरंभी बीडकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. त्या वेळी अंगणात बसून वाचा. रात्री मोबाईलचा पडदा झोपण्यापूर्वी तासभर बंद ठेवा.

३. झोप लागताना शरीराचे तापमान किंचित उतरते. पत्र्याच्या खोलीत उकडत असेल, तर मोकळ्या हवेत किंवा ओलसर कापडाने अंग पुसून झोपा.

४. संध्याकाळी पाचनंतर चहा नको.

५. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक वाजवण्यास २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. परीक्षेच्या दिवसांत शिक्षकांनी ही गोष्ट ग्रामसभेत मांडावी.

६. राहिलेले दोन धडे? पहिल्यातील सूत्रे आणि व्याख्या अर्धा तास डोळ्यांखालून घाला, प्रवेशपत्र व लेखणी पिशवीत ठेवा आणि साडेदहाला आडवे व्हा. दुसरा धडा पहाटे साडेसहाला.

करून पाहा

(हा प्रयोग परीक्षेच्या दिवसांत नव्हे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करावा. मुद्दाम जागरण करू नये.)

मित्राला ३० सें.मी.ची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याची खूण तुमच्या उघड्या अंगठा-तर्जनीच्या मध्ये असावी. त्याने न सांगता पट्टी सोडताच ती पकडा. पट्टी जितके सें.मी. घसरली, त्यावरून तुमचा प्रतिक्रियाकाल काढता येतो : १५ सें.मी. = ०.१७ सेकंद, २० सें.मी. = ०.२० सेकंद, २५ सें.मी. = ०.२३ सेकंद. दहा वेळा करून सरासरी काढा. पंधरा दिवस रोज सकाळी, आदल्या रात्री किती तास झोपलात ते शेजारी लिहून, ही नोंद ठेवा आणि आलेख काढा. शिक्षकांनी सर्व वर्गाच्या नोंदी फळ्यावर एकत्र मांडाव्यात.

विचार करा

१. पट्टीवरील अंतरावरून वेळ काढण्यासाठी गतिविषयक कोणते समीकरण वापरले आहे?

२. जेन्किन्स-डॅलनबाख यांच्या प्रयोगात फक्त दोन विद्यार्थी होते. निष्कर्ष पक्का करण्यासाठी तुम्ही आणखी काय केले असते?

३. झोपण्यापूर्वीची यादी रात्री आणि जागेपणीची यादी सकाळी पाठ केली, तर वेळेच्या फरकाचा परिणाम होईल का? तो वगळण्यासाठी प्रयोगाची आखणी कशी कराल?