ऋणाग्रावरचे बुडबुडे

मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी चमचा आणि तांब्याची पट्टी सोडून चमच्यावर चढणारा तांबूस थर आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिला आहे. (लोखंडावर तांबे विजेवाचूनही चढते; तो भाग निराळा.) त्या प्रयोगात विद्युतधारा फार वाढवली की चमच्याभोवती बारीक बुडबुडे उठतात आणि थर काळपट, भुसभुशीत होतो. धारा कमी करावी, एवढे सांगून पाठ्यपुस्तक पुढे जाते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ते बुडबुडेच आहेत.

हे बुडबुडे हायड्रोजनचे. द्रावणात धातूच्या आयनांसोबत पाण्यातील हायड्रोजनचे आयनही असतात आणि ऋणाग्रावरील इलेक्ट्रॉनांसाठी दोघांत चढाओढ चालते. शुद्ध गणित मांडले तर आम्लधर्मी द्रावणातून जस्त निक्षेपित होऊच नये, सर्व वीज हायड्रोजननेच खावी. तसे घडत नाही, कारण जस्ताच्या पृष्ठावर हायड्रोजन वायू सुटण्याची क्रिया अतिशय मंद असते. या मंदपणावर जस्ताच्या विद्युत विलेपनाचा सारा उद्योग उभा आहे.

निकेलच्या टाकीत साधारण ९५ टक्के वीज निकेलच्या कामी येते. उरलेले ५ टक्के नगण्य वाटतात. पण हिशेब करून पाहावा. एक अँपिअर धारा तासभर वाहिली तर सुमारे १ ग्रॅम निकेल चढते आणि त्याच वेळी २० घनसेंटीमीटरहून अधिक हायड्रोजन सुटतो. यातील एखादा बुडबुडा पृष्ठाला चिकटून राहिला, की त्याच्याखाली धातू पोहोचत नाही. सभोवती थर वाढत जातो आणि बुडबुडा निघून गेल्यावर तेथे खड्डा राहतो. अशा सूक्ष्म खड्ड्यांतून ओलावा शिरतो आणि चकाकत्या निकेलखालचे पोलाद गंजू लागते. उपाय साबणाच्या जातीचा आहे. सोडियम लॉरिल सल्फेटसारखे द्रव्य अल्प प्रमाणात घातल्यास पृष्ठताण घटतो आणि बुडबुडा मोठा होण्यापूर्वीच सुटतो. शिवाय हायड्रोजनचे आयन खर्ची पडल्याने ऋणाग्रालगतचा सामू वाढतो व निकेलचे हायड्रॉक्साइड थरात अडकते. बोरिक आम्ल घालतात ते हा सामू सावरण्यासाठी.

गंमत अशी की हाच दोष कोणी हेतुपुरस्सर वापरतो. तीव्र आम्लात प्रचंड धारा सोडून बुडबुड्यांच्या भोवती तांबे वाढवले, तर स्पंजासारखा सच्छिद्र तांब्याचा थर मिळतो. बॅटरीच्या इलेक्ट्रोडांसाठी त्याचा अभ्यास होतो.

जो हायड्रोजन बुडबुडा न होता अणुरूपाने पोलादात शिरतो, तो अधिक घातक. उच्च बलाचे बोल्ट व स्प्रिंगा त्याने ठिसूळ होतात आणि ठरलेल्या भारापेक्षा कमी भाराखाली, कधी काही दिवसांनी, अचानक तुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून असे भाग विलेपनानंतर शक्यतो चार तासांच्या आत सुमारे १९० ते २२० अंश सेल्सिअसला कित्येक तास भट्टीत ठेवतात. घाईच्या मागणीत नेमकी हीच पायरी गाळण्याचा मोह होतो.

शेवटची गोष्ट लिहिण्यास कारण आहे. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडून प्लेटिंगच्या कामावर लागलेली मुले थोडी नाहीत. क्रोमच्या टाकीत जेमतेम १० ते २० टक्के वीज धातू चढवते. उरलेल्या विजेचा बहुतांश भाग हायड्रोजन सोडण्यात जातो. ते असंख्य बुडबुडे पृष्ठावर फुटताना क्रोमिक आम्लाचे तुषार हवेत उडवतात. त्यातील षट्संयुजी क्रोमियम नाकाच्या पडद्याला भोक पाडते, आणि ते फुप्फुसाच्या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे. तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी. द्रावणावर तरंगत्या प्लास्टिकच्या गोळ्या किंवा फेसाचा थर ठेवल्यास तुषार बरेच अडतात. पण फेसात हायड्रोजन साठतो आणि एका ठिणगीने भडकतो. तेव्हा टाकीच्या काठाशी हवा ओढून घेणारा पंखा आधी सुरू करावा, मगच विद्युतधारा. आणि पंखा बंद पडला तर धाराही त्याच क्षणी बंद करावी, मग मालकाची ऑर्डर कितीही तातडीची असो.