मासा दीडशेचा, संसार अकरा हजारांचा

क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा कुर्ल्याला शोभेच्या माशांच्या बाजारात गोल्डफिशची लहान जोडी पन्नास-साठ रुपयांपासून मिळते. जरा गुबगुबीत, दुहेरी शेपटीचा ओरांडा किंवा ब्लॅक मूर घेतला तर एकाला दीडशे-दोनशे. सोबत काचेचा गोल बाऊल, रंगीत खडे, खाण्याची डबी. पाचशेच्या आत सगळं आटोपतं आणि मूल उड्या मारत घरी येतं. बऱ्याच घरांत हे मासे महिनाभरही टिकत नाहीत. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो, म्हणून पाचशे रुपयांची ही खरेदी मला कधीच स्वस्त वाटली नाही.

बाऊलमध्ये मासा मरतो तो स्वतःच्याच घाणीने. गोल्डफिश खादाड, त्याला जठर नसतं. खातो भरपूर आणि घाणही तितकीच करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं, पण मासा वर येऊन तोंड उघड-मिट करतो, पंख अंगाशी चिकटवून कोपऱ्यात बसतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे जीवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करतात. फिल्टरला पैसे मोजायचे ते या जीवाणूंना घर मिळावं म्हणून. आणि पाणी जितकं जास्त, तितकं विष पातळ राहतं.

तेव्हा हिशेब लिटरपासून सुरू करा. पहिल्या माशाला पंचाहत्तर लिटर, पुढच्या प्रत्येकाला आणखी चाळीस, हे प्रमाण मी धरते. दोन माशांना तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी पुरते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि हजाराने भागायचं, की लिटर निघतात. ९० × ३८ × ३८ म्हणजे साधारण १३०; काठापर्यंत भरत नाही, म्हणून एकशे दहा धरा. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे घ्यायला सांगणारे भेटतात. याच हिशेबाने त्यांना चारशे लिटर लागतील. दोन फुटी टाकीत नऊ मासे कोंबून कुणाचंही भलं होत नाही, माशांचं तर नाहीच.

आता भाव. दुकान, शहर आणि काचेच्या जाडीप्रमाणे ते बदलतात, म्हणून हे अंदाज समजा. तीन फुटी टाकी साडेतीन हजार, लोखंडी स्टँड तीन हजार, झाकण आणि दिवा नऊशे, या आकाराला पुरेल असा फिल्टर दोन हजार, हवेचा पंप चारशे. अमोनिया तपासायचा संच सहाशे. खडे तीनशे, पाणी उपसायची सायफन नळी दीडशे, फक्त टाकीसाठी वेगळी बादली दोनशे, क्लोरीन काढायचं औषध ऐंशी. वर दोन मासे तीनशे. बेरीज अकरा हजार चारशेच्या आसपास जाते.

पैसे वाचवायचे तर टाकी आणि स्टँडवर वाचवा. जुनी टाकी बहुधा अर्ध्या किमतीत मिळते. घर बदलणारे, हौस फिटलेले लोक ती काढूनच टाकत असतात. मात्र पैसे देण्याआधी ती सपाट जमिनीवर भरून दोन दिवस ठेवायला सांगा आणि सांध्यांवरून कोरडा टिश्यू फिरवून पाहा. गॅलरीत सावली असेल तर शंभर लिटरचा प्लास्टिकचा टब हजारभरात येतो. काचेतून दिसणारी शोभा जाते, माशाला फरक पडत नाही. टीव्हीच्या लाकडी युनिटवर टाकी ठेवून स्टँडचे पैसे मात्र वाचवू नका. एकशे दहा लिटर पाणी म्हणजे एकशे दहा किलो, वर काच आणि खडे. टाकीखाली थर्माकोलचा तुकडा घाला.

फिल्टर आणि तपासणी संचात काटकसर नको. संचातले थेंब नळीतल्या पाण्यात टाकले की बहुतेक संचांत पाणी पिवळं राहतं. हिरव्याकडे झुकलं तर अमोनिया आहे, त्याच दिवशी पाणी बदला. मासा मलूल दिसला की दुकानात निळं औषध हाती पडतं. ते घेण्याआधी हे थेंब टाकून पाहा. दोष बहुतेक वेळा पाण्यातच सापडतो.

नव्या फिल्टरमध्ये जीवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी माशांशिवाय चालू ठेवायची, रोज चिमूटभर दाणे टाकायचे आणि अमोनिया चढून पुन्हा शून्यावर येईपर्यंत थांबायचं. नायट्राइटही शून्यावर यायला हवं. ओळखीत कुणाची निरोगी टाकी चालू असेल तर तिच्या फिल्टरमधला जुना स्पंज मागून आणा. फुकटात निम्म्याहून अधिक काम होतं. पुढेही स्पंज नळाखाली धुवू नका, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जीवाणू मारतं. टाकीतून उपसलेल्या पाण्यातच तो पिळून काढा. सगळं पाणी ओतून टाकी लख्ख घासायची रविवारची सवयही मोडा. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदललं की पुरे, आणि नवं पाणी क्लोरीन काढूनच घालायचं.

न घेण्याच्या वस्तूंत हीटर पहिला. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, अठरा ते चोवीस अंशांत खुलतो. आपल्याकडे मे महिन्यात पाणी तिशीच्या वर जातं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हा हवेचा पंप लागतो. वीज जात असेल तिथे बॅटरीवरचा पंप चारशे-पाचशेत घेऊन ठेवा. काच साफ करतो म्हणून सकर मासा गळ्यात मारतात, तोही नको. तो फूटभर वाढतो आणि गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो.

महिन्याचा खर्च मात्र हलका आहे. फिल्टर आणि पंप मिळून वीस वॅट, अष्टौप्रहर चालू. दिवा दहा वॅट, आठ तास. महिन्याला सतरा युनिट, म्हणजे दीडशे रुपयांच्या आसपास. दाण्यांचे साठ-सत्तर, औषधाचे वीस. अडीचशे धरा, वर्षाचे तीन हजार. दहा वर्षांचे तीस हजार होतात, हा आकडा मुलाच्या हट्टाला हो म्हणण्याआधी डोळ्यांसमोर असावा. नंतर झेपेना म्हणून मासा तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका, तिथल्या देशी माशांना तो उपद्रव होतो. दुकानदार बहुधा परत घेतो, विचारून पाहा.

गावाला जाताना शेजाऱ्यांकडे दाण्यांची डबी देऊ नका. प्रेमापोटी ते मूठभर टाकतात, न खाल्लेले दाणे कुजतात आणि परत येईपर्यंत पाणी नासलेलं असतं. मोठा, निरोगी गोल्डफिश आठवडाभर उपाशी सहज राहतो. त्याहून जास्त दिवस जायचं असेल तर दोन-तीन दिवसांआडची एकेक पुडी बांधून, वर तारीख घालून शेजारच्या काकूंच्या हाती द्या.