सुरीवरचं नाव आणि पोलादाचं गाव

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या दुकानात तू सुऱ्या, सतूर आणि कोयते ठेवणार म्हणालीस. छान. मग ऐक. कुणी माल दाखवून म्हणालं, "हे रायपूरजवळच्या सिलतऱ्याचं पोलाद," तर मान डोलवायच्या आधी एकच विचार: सिलतऱ्यातल्या कोणत्या भट्टीचं?

बिलासपूर रस्त्यानं जाताना जी धुराडी दिसतात, त्यांतली पुष्कळशी स्पंज आयर्नची. लोहखनिज आणि दगडी कोळसा फिरत्या भट्टीत घालून स्पंज काढतात, तो भंगारासोबत इंडक्शन फर्नेसमध्ये वितळवतात, बिलेट ओततात आणि बिलेटची सळई, अँगल, चॅनल, तार होते. घराच्या स्लॅबला हा माल योग्य, धारेला नाही. सळईत कार्बन साधारण पाव टक्का. साध्या पोलादाच्या सुरीला निदान अर्धा टक्का हवा. तेवढा नसेल तर लोहार ते लालबुंद करून पाण्यात बुडवो की तेलात, पातं पुरेसं कडक होणार नाही. शिवाय इंडक्शन फर्नेस वितळवते, शुद्ध फारसं करत नाही. गंधक, फॉस्फरस, भंगारातलं तांबं, जे आत गेलं ते बहुतांशी तसंच बाहेर येतं. फॉस्फरस वाढला की पोलाद ठिसूळ होतं, थंडीत जास्तच.

पण सगळं सिलतरा एका मापानं मोजू नकोस. नागपूरच्या जयस्वाल नेकोचा कारखाना तिथेच आहे. तिथं झोतभट्टी आहे आणि गाड्यांच्या सुट्या भागांना लागणारं मिश्रपोलाद तयार होतं. म्हणून म्हणतो, गावाच्या नावावर चांगलं-वाईट ठरवू नकोस, भट्टी आणि ग्रेड विचार.

आपल्याकडचे लोहार कोयत्याला ट्रकची जुनी कमानपट्टी घेतात, ते उगाच नाही. तिच्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो आणि मार खाण्याची ताकदही. फक्त पट्टी तडकलेली नाही ना, हे बघून घ्यायला सांग. रुळाचं पोलादही धारेला चालतं, कार्बन ०.६ ते ०.८. भिलाईच्या रुळावर तर कारखान्याचं नाव, ग्रेड, महिना-वर्ष लाटतानाच उठवलेलं असतं. मालानं स्वतःची ओळख अंगावर वागवावी ती अशी. मात्र कुणी रुळाचा तुकडा स्वस्तात देऊ लागला तर रेल्वेच्या लिलावाची पावती मागितल्याशिवाय हात लावू नकोस. रेल्वेच्या मालाच्या बेकायदा ताब्याबद्दलचा १९६६चा कायदा ज्याच्याकडे माल सापडतो त्यालाच जाब विचारतो.

आता कागद. घाऊक माल घेताना टीसी माग, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट. त्यावरचा हीट नंबर, म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेल्या मालाचा क्रमांक, आणि गठ्ठ्याच्या पट्टीवरचा हीट नंबर जुळला पाहिजे. जुळत नसेल तर तो कागद दुसऱ्याच मालाचा. आकडेही वाच. खऱ्या टीसीत कार्बन ०.५४, पुढच्या हीटमध्ये ०.५७, असे हलते आकडे असतात. दर हीटला तेच गोल आकडे, किंवा '०.५ ते ०.६' असा नुसता पट्टा लिहिलेला असेल, तर कुणी मोजलेलंच नाही असं धर. आयएसआयचा शिक्का दाखवला तर बीआयएस केअर ॲपवर सीएम/एल नंबर, म्हणजे परवाना क्रमांक, टाक आणि परवाना कोणत्या मानकाचा आहे ते बघ. आयएस १७८६ म्हणजे काँक्रीटमधली सळई. तो शिक्का खरा असला तरी सुरीबद्दल काही सांगत नाही.

भंगारवाल्याकडे हातातली गन असते, ती टेकवली की पडद्यावर क्रोमियम, निकेल, मँगनीज दिसतं. लोक तेवढ्यावर भुलतात. ती एक्स-रे गन कार्बन वाचत नाही, आणि सुरीचं सगळं कार्बनवर. कार्बन पाहायचा तर प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोवर, म्हणजे स्पेक्ट्रोमीटरवर, नमुना लाव.

स्टेनलेस सुरीच्या पात्यावर '३०४' किंवा '१८/८' लिहिलेलं दिसलं तर ती ठेवू नकोस. ते पोलाद डब्या-पातेल्यांचं, उष्णता देऊन ते कडक होत नाही. सुरीला ४२० जातीचं लागतं, क्रोमियम १२ ते १४ टक्के. पात्याला लोहचुंबक लावून बघ. चिकटलंच नाही तर सुरी बाद. चिकटलं म्हणून मात्र पास नाही, साधं लोखंडही चिकटतंच.

लेबलची फसवाफसवी आजची नाही. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या सुऱ्या इंग्लंडात शेफिल्डच्या नावानं खपवल्या जात. १८८७ साली ब्रिटिशांनी कायदा करून ब्रिटिश नाव किंवा छाप असलेल्या परदेशी मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, आणि 'मेड इन जर्मनी' हे शब्द तिथून रुळले. पुढं झोलिंगेनचंच नाव इतरांनी वापरू नये म्हणून जर्मनांना १९३८ साली कायदा करावा लागला! आज 'जर्मन स्टील' लिहिलेल्या पाकिटावर फार तर जर्मन ग्रेडचं नाव असतं, पोलाद कुठे वितळलं ते नसतं. आपल्याकडच्या पॅकबंद मालाच्या २०११च्या वजनमाप नियमांप्रमाणे पाकिटावर उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार यांचं नाव-पत्ता लागतो, आयात मालावर देशही. नुसतं 'मार्केटेड बाय' असेल आणि बनवणारा कुठेच नसेल, तर ते पाकीट परत कर.

आणि ग्रेड शंभर टक्के खरा निघाला तरी पाणी नीट दिलं नसेल तर सुरी वायाच. घरगुती सुरीची कठीणता रॉकवेल सी मापावर ५४-५६ असावी, तेवढा आकडा पुरवठादाराकडून लिहून घे. दुकानात पारखायला कानस ठेव. धारेच्या मागच्या टोकाला हलकेच फिरव. सरकन घसरली तर पातं कडक, खसकन चावली तर मऊ. लोहाराच्या ग्राइंडरवर ठिणग्याही बघायला शीक. कमी कार्बनच्या लांब आणि सरळ, जास्त कार्बनच्या फुटून फुलणाऱ्या.

नवा पुरवठादार धरलास की पहिल्या डझनातली एक सुरी मोडायला काढ. अर्धी स्पेक्ट्रोला, अर्धी कठीणतेला. रिपोर्टवर पुरवठादाराचं नाव आणि बिलाची तारीख टाकून ठेव, आणि पुढची ऑर्डर देताना तो समोर ठेवूनच भाव बोल.