वादळानंतरचे पहिले तीन दिवस : मदत कशी मोजतात आणि कुठे अडकते



आजचा पाठ जरा मोठा आहे. निवांत वाचा, घरातल्यांनाही वाचून दाखवा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरुड, अलिबागकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ऐन आंब्याच्या दिवसांत तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं. आपला पनवेल तालुका त्याच जिल्ह्यात आहे. म्हणून तयारी आधीच करून ठेवायची.

*१) मदत कशी मोजतात?*
पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच मदत मिळते. केंद्राने २०२२ मध्ये ठरवलेले दर, हेक्टरी, २ हेक्टरच्या मर्यादेत :
▪️ जिरायत : ८,५०० रुपये
▪️ बागायत : १७,००० रुपये
▪️ बहुवार्षिक फळपीक : २२,५०० रुपये

राज्य सरकार वेळोवेळी जीआर काढून दर वाढवतं. निसर्गच्या वेळी फळबागांना हेक्टरी १८,००० ऐवजी ५०,००० रुपये दिले. म्हणून प्रत्येक आपत्तीत त्या वेळचा जीआर बघायचा, जुना आकडा धरून बसायचं नाही.

आता हिशेब करा. २० गुंठे म्हणजे साधारण ०.२० हेक्टर. एवढ्या जिरायत भाताला ८,५०० च्या दराने १,७०० रुपये होतात. १० गुंठ्यांच्या आंब्याला २,२५० होतात, पण फळपिकाला किमान २,५०० ची तरतूद आहे. रक्कम वाचून राग येईल. पण ही नुकसानभरपाई नाही, पुढच्या हंगामाच्या बी-खतासाठी दिलेला हातभार आहे. क्षेत्र छोटं असलं की एक-एक गुंठा नोंदला जाणं महत्त्वाचं, ते यासाठीच.

*२) गाडी कुठे अडते?*
बहुतेक वेळा कागदावर.
▪️ सातबारा सामायिक असेल तर मदत एकाच्या खात्यात घ्यायला बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. भाऊ मुंबईला, बहीण सासरी. वादळानंतर सह्या गोळा करत फिरणं अवघड. गणपतीला सगळे गावी येतात, तेव्हाच बोलून ठेवा.
▪️ वडील-आजोबा वारले तरी नाव तसंच आहे? वारस नोंद आजच करायला द्या.
▪️ ई-पीक पाहणी केली नसेल तर पंचनाम्याच्या वेळी वाद होतो. बांधावरची झाडंही नोंदवा.
▪️ बँक खात्याला आधार जोडलेलं नसेल तर मंजूर पैसेही येत नाहीत.

*३) वादळ येऊन गेल्यावर*
▪️ आधी माणसं, मग गुरं, मग शेत. तुटलेल्या विजेच्या तारेजवळ जाऊ नका.
▪️ वाट मोकळी करायला झाड तोडावंच लागलं तर आधी फोटो काढा. फोटोत मोडलेलं झाड आणि मागे घर, विहीर, बांध अशी ओळखीची खूण दिसू द्या. फोनमध्ये लोकेशन चालू ठेवा. पडलेली झाडं मोजून वहीत लिहा.
▪️ निसर्गनंतर किनाऱ्याकडच्या गावांत वीज आणि फोन बरेच दिवस बंद होते. म्हणून सातबारा, आधार आणि पासबुकाच्या छापील प्रती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.
▪️ तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवकांकडे नुकसानीचा लेखी अर्ज द्या. (या तिघांची पदनावं आता बदलली आहेत, काम तेच आहे.) दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नुसतं तोंडी सांगून भागत नाही.
▪️ जनावर दगावलं तर पुरायची घाई नको. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन करून दाखला घ्या. २०२२ च्या दराने दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० आणि शेळीला ४,००० रुपये आहेत. दाखला नसेल तर हे हातचं जातं.
▪️ गोठा पडला, घराचे पत्रे उडाले, तर त्याचा पंचनामा वेगळा. शेताच्या पंचनाम्यात तो आला असं समजू नका.

*४) पंचनाम्याच्या दिवशी*
शेतावर हजर राहा. गट नंबर, क्षेत्र, पीक आणि नुकसानीची टक्केवारी काय लिहिली ते वाचून मगच सही करा. ०.२० चं ०.०२ झालं तर मदत कमी होते. चूक तिथेच दाखवा. यादी लागल्यावर आपलं नाव आणि विशिष्ट क्रमांक बघा. केवायसी राहिली असेल तर सेवा केंद्रात जाऊन आधार प्रमाणीकरण करा. मदत द्यायची म्हणून कोणी फोनवर ओटीपी मागितला तर देऊ नका.

*५) विमा आणि कर्ज वेगळं*
सरकारी मदत आणि पीक विमा या दोन वेगळ्या गोष्टी. एक मिळाली म्हणून दुसरी आपोआप येत नाही. आंब्याचा हवामान आधारित विमा असेल तर तिथे पंचनाम्यावर नाही, हवामान केंद्राच्या नोंदीवर रक्कम ठरते. पीक कर्ज असेल तर बँकेत किंवा सोसायटीत पुनर्गठनासाठी लेखी अर्ज करा. पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे. हप्ता पुढे जातो, व्याज चालू राहतं, हे समजून सही करा.

*या आठवड्याचं काम :* सातबारा काढा. त्यावर नाव, क्षेत्र आणि पीक बरोबर आहे का बघा. चूक असेल तर सातबाऱ्याचा फोटो कंपनीच्या नंबरवर पाठवा, अर्ज लिहायला मदत करू.

शेजारच्या ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना हा संदेश वाचून दाखवा. वादळ बांध बघून येत नाही. 🌾